रणांगणावरून परतलेल्या मनाची जखम

आपल्या समाजात सैन्यात नोकरी केलेल्या माणसांची घरे पुष्कळ आहेत. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तेव्हापासून आजोबा, वडील, मुलगा अशा पिढ्या सैन्यात गेलेली कुटुंबे गावोगाव आढळतात. त्यांच्या पराक्रमाच्या, पदकांच्या आणि बदल्यांच्या गोष्टी घरात कौतुकाने सांगितल्या जातात. परंतु पेन्शनीत आलेला हाच माणूस रात्री किंचाळून उठतो, दिवाळीत फटाका वाजला की भिंतीला पाठ लावून उभा राहतो, लग्नाच्या मांडवात दोन मिनिटेही बसत नाही, क्षुल्लक कारणावरून मुलांच्या अंगावर धावून जातो, ही गोष्ट मात्र कोणी बाहेर सांगत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, "मिलिटरीत राहून डोके फिरले आहे." कोणी म्हणते, "दारूने वाया गेला." घरातली बाई हे सर्व मुकाट्याने सोसते.

असे वागणाऱ्या प्रत्येकालाच आजार असतो असे नाही. पण त्यांपैकी काहींना एक निश्चित आजार असतो. वैद्यकशास्त्राने त्याला नाव दिले आहे, त्याची लक्षणे ठरवली आहेत आणि त्यावर उपचारही शोधले आहेत. इंग्रजीत त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर किंवा थोडक्यात पीटीएसडी म्हणतात. मराठीत आपण त्याला 'आघातोत्तर तणाव' म्हणू. हा आजार कसा ओळखला गेला, तो कशामुळे टिकून राहतो आणि तो बरा करण्यासाठी काय करावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आजार जुना, नाव नवे

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. त्या युद्धातील शेकडो सैनिक छातीत धडधडणे, धाप लागणे आणि थकवा अशा तक्रारी घेऊन फिलाडेल्फिया येथील डॉ. जेकब दा कोस्टा यांच्याकडे आले. त्यांपैकी पुष्कळांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. दा कोस्टा यांनी १८७१ साली या रुग्णांविषयी निबंध प्रसिद्ध केला व त्या अवस्थेला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. शरीर निरोगी असूनही ते युद्धातच अडकून पडलेले असू शकते, याची ही एक महत्त्वाची नोंद होय.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली महिनोन्‌महिने खंदकात राहिलेल्या सैनिकांची वाचा जाई, हातपाय थरथरत, दिसेनासे होई. डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा रुग्णांची माहिती देताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, अशी तेव्हा समजूत होती. परंतु ज्यांच्या जवळपासही गोळा फुटला नव्हता, अशा सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागली. मग दुसरा संशय पुढे आला : हा भित्रेपणा तर नव्हे? त्या युद्धात पळून जाणे, भ्याडपणा यांसारख्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांपैकी काही जण मनाने पार खचलेले होते, हे पुढे मान्य झाले आणि २००६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून या सर्वांना माफी दिली. तोवर नव्वद वर्षे उलटून गेली होती. एका आजाराला दुर्गुण समजण्याची चूक किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

डॉ. रिव्हर्स यांचा रुग्ण

त्याच काळात स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स काम करीत होते. हे तेच रिव्हर्स, ज्यांनी निलगिरीतील तोडा जमातीवर १९०६ साली ग्रंथ लिहिला. त्या वेळी अशा रुग्णांना सर्रास एकच सल्ला दिला जाई : झाले ते विसरा, मन दुसरीकडे गुंतवा. रिव्हर्स यांना अनुभव उलटा आला. दिवसभर आठवण दाबून ठेवणाऱ्या रुग्णाला ती रात्री स्वप्नात दुप्पट जोराने गाठत होती.

त्यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका अधिकाऱ्याची हकिकत दिली आहे. या अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न झालेले प्रेत सापडले होते. तेच दृश्य रोज रात्री स्वप्नात येई आणि तो घामाघूम होऊन उठे. रिव्हर्स यांनी त्याला विसरायला सांगितले नाही. उलट त्याच आठवणीतील एका गोष्टीकडे त्याचे लक्ष वेधले. प्रेताची ती अवस्था पाहता मित्राला मरण तत्काळ आले असले पाहिजे, त्याला तडफडावे लागले नसणार. हा विचार त्या अधिकाऱ्याच्या मनात आलाच नव्हता, कारण तो त्या आठवणीकडे नीट पाहतच नव्हता. काही रात्री स्वप्न आले नाही. मग एका रात्री आले, पण निराळे. स्वप्नात तो मित्राच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या वस्तू काढून घेऊ लागला. जाग आली तेव्हा डोळ्यांत पाणी होते. पण भय नव्हते, केवळ मित्र गेल्याचे दुःख होते.

या आजाराच्या उपचारांचे सूत्र या एका हकिकतीत आले आहे. आठवण पुसली जात नाही. मात्र तिच्यातील भय कमी होऊ शकते आणि मग माणसाला साध्या माणसासारखे दुःख करता येते.

व्हिएतनामने भाग पाडले

रिव्हर्स यांचे हे शहाणपण पुढच्या काळात बरेचसे मागे पडले. ते पुन्हा वर यायला आणखी एक युद्ध व्हावे लागले. व्हिएतनाममध्ये सुमारे २७ लक्ष अमेरिकन सैनिकांनी नोकरी केली आणि ५८ हजारांवर मरण पावले. बहुतेकांची नेमणूक सुमारे एका वर्षाची असे. वर्ष भरले की सैनिक एकटाच विमानात बसे आणि थोड्याच काळात आपल्या गावी पोहोचे. पलटणीबरोबर परतण्याचा, वाटेत सोबत्यांशी बोलण्याचा अवकाश त्याला मिळत नसे. देशातही त्या युद्धाविषयी तीव्र मतभेद होते, त्यामुळे गावातही त्याचे ऐकून घेणारे थोडे होते.

अखेर हे माजी सैनिक स्वतःच एकत्र आले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ते गटाने बसून एकमेकांना आपले अनुभव सांगू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसले, ते शिकवण्यापेक्षा ऐकण्यासाठी. सैनिकांच्या आणि या डॉक्टरांच्या प्रयत्नांमुळे १९७९ साली माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रे उघडण्याचा कायदा झाला आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत यादीत पीटीएसडीचा समावेश केला. पुढे संसदेच्या आदेशाने मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. युद्ध संपून दशक उलटल्यानंतरही, व्हिएतनाममध्ये नोकरी केलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना हा आजार पाहणीच्या वेळी होता, आणि सुमारे ३१ टक्क्यांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा झालेला होता.

विद्यार्थी मित्रांनी येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, युद्धात गेलेल्या बहुसंख्य सैनिकांना हा आजार होत नाही. दुसरी, वैद्यकशास्त्रात या आजाराला जागा मिळाली ती पीडितांनी स्वतः एकत्र येऊन बोलायचे ठरवले म्हणून.

लक्षणे कोणती?

मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांचा प्रत्यक्ष अनुभव घेतल्यानंतर किंवा ते डोळ्यांदेखत पाहिल्यानंतर हा आजार होऊ शकतो. त्याची लक्षणे चार गटांत मांडतात.

पहिला गट, आठवण आपण होऊन घुसणे. भयंकर स्वप्ने पडतात. एखाद्या वासाने, आवाजाने किंवा डिझेलच्या धुराने तो प्रसंग आताच घडत आहे असे वाटू लागते. हे नुसते आठवणे नव्हे, ते पुन्हा भोगणे असते.

दुसरा गट, टाळणे. त्या विषयावर बोलणे, त्या सोबत्यांना भेटणे, गर्दी, प्रवास, बातम्या, जे जे आठवण करून देईल ते ते माणूस टाळतो. हळूहळू त्याचे जग एका खोलीएवढे होते.

तिसरा गट, विचार आणि भावना यांतील बदल. "माझ्यामुळेच तो मेला", "कोणावरही भरवसा ठेवण्यात अर्थ नाही" असे विचार घट्ट बसतात. आनंद वाटेनासा होतो. नातवाला मांडीवर घेऊनही काही वाटत नाही, असे सांगणारे रुग्ण असतात.

चौथा गट, सतत सावध राहणे. झोप लागत नाही, दचकणे वाढते, राग अनावर होतो, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसावेसे वाटते.

अशी लक्षणे महिन्याहून अधिक काळ राहिली आणि त्यांच्यामुळे संसार किंवा कामधंदा विस्कटला, तर या आजाराचा विचार करावा लागतो. काही वेळा लक्षणे वर्षानुवर्षे दबून राहतात आणि निवृत्तीनंतर, हाताला काम उरले नाही की, वर येतात. "इतक्या वर्षांनी आता कसले?" असे म्हणून ती बाजूला सारू नयेत.

हा आजार केवळ सैनिकांचाच नाही, हेही सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या आपत्तीतून वाचलेले, दंगलीत घर जळताना पाहिलेले, जातीय अत्याचार अंगावर झेललेले स्त्रीपुरुष यांनाही तो होऊ शकतो.

मन असे का वागते?

संकट आले की मेंदूतील धोक्याची घंटा वाजते. हृदय वेगाने धावते, स्नायू ताठ होतात, विचार करण्याआधीच शरीर हालचाल करते. सीमेवरच्या चौकीत हाच गुण माणसाला जिवंत ठेवतो. तेथे आवाज होताच जमिनीवर झोपणारा सैनिक शहाणा. अडचण अशी की, घरी आल्यावरही ही घंटा बंद होत नाही. फटाका आणि गोळीबार यांतील फरक तिला कळत नाही. म्हणजे सैनिकाचे मन बिघडलेले नसते, युद्धात शिकलेला धडा शांततेच्या काळात विसरणे त्याला जमत नसते.

हा धडा विसरण्याची एकच रीत आहे. घंटा वाजली तरी काही वाईट घडले नाही, हे पुन्हापुन्हा अनुभवास यावे लागते. पण माणूस ते टाळतो. बाजारात गेला की छाती धडधडते, म्हणून तो बाजारात जात नाही. लगेच बरे वाटते. त्या बरे वाटण्यामुळेच मनाची खात्री पटते की बाजार खरोखरच धोक्याचा आहे. थोडक्यात, टाळण्याने क्षणाचा आराम मिळतो आणि आजार वर्षानुवर्षे टिकतो. दारूचेही असेच आहे. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते, राग वाढतो आणि आठवण होती तेथेच राहते.

भयाखेरीज आणखी एक जखम असते. हातून जे घडले, किंवा जे थांबवता आले नाही, त्याची टोचणी. जोनाथन शे या अमेरिकन डॉक्टरांनी व्हिएतनामच्या सैनिकांबरोबर काम करताना तिला नैतिक जखम म्हटले व १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात तिची चर्चा केली. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. कलिंगात एक लक्ष माणसे मारली गेली आणि दीड लक्ष नेली गेली, याचा पश्चात्ताप सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतः नोंदवला आहे. त्याला आजार होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण युद्ध जिंकणाऱ्याच्या मनालाही जखम होते आणि ती बोलून दाखवण्यात कमीपणा नसतो, एवढे त्यावरून निश्चित समजते.

उपचार

आज सर्वाधिक पुरावा असलेले उपचार हे बोलण्याचे उपचार आहेत. मात्र हे बोलणे म्हणजे नुसते मन मोकळे करणे नव्हे.

एका पद्धतीत रुग्ण प्रशिक्षित मानसतज्ज्ञासमोर तो प्रसंग सविस्तर, पुन्हापुन्हा सांगतो आणि टाळलेल्या निर्धोक जागी पायरीपायरीने जाऊ लागतो. एडना फोआ यांनी ही पद्धत विकसित केली. साधारण ८ ते १५ बैठकी लागतात. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखे वाटते, पुढे भय ओसरते.

पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत साधारण १२ बैठकी होतात. तेथे "माझ्यामुळेच तो मेला" यासारख्या विचाराची तपासणी होते. त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होते? दुसरे काय करणे शक्य होते? दोष आणि दुःख यांची गल्लत तर होत नाही ना? रिव्हर्स यांनी आपल्या रुग्णासाठी जे केले, तेच येथे शिस्तीने केले जाते.

तिसऱ्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळे एका लयीत इकडून तिकडे फिरवायला सांगतात. फ्रॅन्सिन शापिरो यांनी ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती याविषयी वाद आहे, पण उपचाराचा उपयोग होतो हे मान्य झाले आहे.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधे उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती मनाने सुरू करू नयेत, आणि मनाने बंदही करू नयेत. झोपेच्या व चिंतेच्या ज्या गोळ्या पुष्कळ घरांत सर्रास घेतल्या जातात, त्यांपैकी बेन्झोडायझेपिन वर्गातल्या गोळ्या या आजारात देऊ नयेत, असे अमेरिकेतील लष्करी व माजी सैनिक आरोग्य विभागांच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांची सवय लागते आणि मूळ आजार बरा होत नाही.

सर्वच रुग्ण पूर्ण बरे होतात असे नाही. पण योग्य उपचार मिळालेल्या पुष्कळ जणांची लक्षणे लक्षणीय कमी होतात. वीस-तीस वर्षे जुन्या आजारातही उपचार निरुपयोगी ठरत नाही.

ध्यानाचा उपयोग आणि मर्यादा

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. व्हिएतनामी भिक्षू थिक न्यात हान्ह यांनी अमेरिकेत माजी सैनिकांसाठी शिबिरे घेतली. ज्या देशावर बॉम्ब पडले त्या देशाचा भिक्षू आणि ज्यांनी युद्ध केले ते सैनिक एकत्र बसले, एकत्र चालले, ही घटना मोठीच आहे. श्वासावर व वर्तमान क्षणावर लक्ष ठेवण्याच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची ११६ माजी सैनिकांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आले. तुलनेच्या गटापेक्षा ध्यानाच्या गटाने आपल्या त्रासात अधिक घट सांगितली, पण हा फरक माफक होता.

म्हणून ध्यान साहाय्यक आहे, मुख्य उपचाराची जागा ते घेत नाही. दहा-दहा दिवस मौन पाळून डोळे मिटून बसले असता अशा रुग्णाच्या आठवणी उसळून येऊ शकतात, आणि तेव्हा सावरायला तज्ज्ञ जवळ नसतो. विपश्यना केंद्रांची नियमावलीही ही साधना वैद्यकीय वा मानसोपचाराला पर्याय नाही, असेच सांगते. अशा माणसाला शिबिराला पाठवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अर्ज भरताना आजार लपवू नये. डोळे उघडे ठेवून थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देणे, सावकाश चालणे, येथून सुरुवात करणे बरे.

कुटुंबाने काय करावे?

घरच्यांनी युद्धाच्या गोष्टी खोदून विचारू नयेत. "किती जणांना मारले?" हा प्रश्न मुलांनाही विचारू देऊ नये. परंतु तो स्वतः बोलू लागला तर विषय बदलू नये, शांतपणे ऐकावे. झोपेत ओरडत असेल तर अंगाला हात न लावता थोडे लांबून नावाने हाक मारावी. गल्लीत फटाके किंवा बँड वाजणार असेल तर आधी कल्पना द्यावी.

मात्र समजून घेणे म्हणजे मार खाणे नव्हे. हात उगारला जात असेल तर पत्नीची व मुलांची सुरक्षितता आधी पाहावी, मग उपचार. जगण्याला कंटाळल्याची भाषा ऐकू आली तर ती धमकी समजू नये. सरळ विचारावे, एकटे सोडू नये, शस्त्र, कीटकनाशके व गोळ्या हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

कोठे जावे?

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, एप्रिल २००३ पासून चालू आहे. तिचे सभासद असलेल्यांनी आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याची मागणी करावी. इतरांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. कागदपत्रांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. तिचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.

समारोप

पाय तुटलेल्या सैनिकाला आपण चालण्यासाठी आधार देतो, त्याला आळशी म्हणत नाही. मनाची जखम दिसत नाही, एवढाच काय तो फरक आहे. ती दाबून ठेवल्याने भरत नाही आणि टोमण्यांनी तर नाहीच नाही. जाणत्या माणसाच्या सोबतीने तिच्याकडे पाहिले की ती भरू लागते. आपल्या वस्तीत, आपल्या भावकीत असा एखादा सुभेदार किंवा हवालदार असेल, तर पुढच्या वेळी त्याच्याविषयी बोलताना आपण एक शब्द बदलावा. 'बिघडला' न म्हणता 'आजारी आहे' म्हणावे आणि डॉक्टरकडे जाताना त्याच्याबरोबर जावे. त्याला पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत मिळाली, तर हा लेख लिहिण्याचा हेतू सफल झाला असे मी समजेन.